ससनदिरी : मुंडांची दफनशिळा आणि भूमीचा पुरावा

१

छोटा नागपूरच्या पठारावर मुंडा लोकांचे एखादे जुने गाव पाहावयास गेलेल्या अभ्यासकास वस्तीच्या कडेला, बहुधा जुन्या वृक्षांच्या छायेत, मोठमोठ्या सपाट शिळांचा समूह आढळतो. प्रत्येक शिळा लहान दगडांच्या आधारावर जमिनीपासून किंचित उचलून ठेवलेली असते. तीवर लेख नसतो, मूर्ती नसते आणि नावही कोरलेले नसते. मुंडारी भाषेत हिला ‘ससनदिरी’ म्हणतात. ‘ससन’ म्हणजे गावाचे दफनस्थान आणि ‘दिरी’ म्हणजे दगड. शिळेखाली त्या त्या कुटुंबातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या मृतांच्या अस्थी असतात.

गेल्या सुमारे दोनशे वर्षांत या शिळांवर अनेक प्रकारची संकटे आली. आरंभी परक्या जमीनदारांनी गावे बळकावली. नंतर शासनाने धरणे, कारखाने आणि खाणी यांसाठी जमिनी मागितल्या. प्रत्येक वेळी मुंडांनी आपली दफनस्थाने राखण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नांचे वर्णन सामान्यतः धार्मिक श्रद्धेच्या रक्षणाची चळवळ असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ससनदिरी ही मुंडांच्या दृष्टीने पूज्य वस्तू आहे, आणि त्याच वेळी ती भूमीवरील हक्काचा दस्तऐवजही आहे. हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. शासनाच्या कायद्यांनी मात्र ते वेगळे केले. त्या वेगळेपणामुळे दफनस्थानाचे संरक्षण कसे दुबळे झाले आणि ते पुन्हा जोडण्यासाठी मुंडांनी काय केले, याचा मागोवा घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

मुंडा समाजाची घडण ध्यानात घेतल्यावाचून या शिळांचा अर्थ लागत नाही. मुंडारी ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा असून ती बोलणाऱ्यांची दाट वस्ती आजच्या झारखंड राज्यातील खुंटी जिल्ह्यात व त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. परंपरेप्रमाणे गावाची स्थापना एखाद्या ‘किली’तील म्हणजे कुळातील पुरुष जंगल तोडून करीत. ज्यांनी प्रथम जंगल तोडले ते आणि त्यांचे पुरुषवंशज ‘खुंटकट्टीदार’ ठरत. तोडलेली शेते कुटुंबांकडे असली तरी गावाच्या सीमेतील भूमीवर हक्क त्या सर्व कुळाचा असे. लौकिक व्यवहार ‘मुंडा’ या गावप्रमुखाकडे आणि देवकार्य ‘पाहन’ या पुजाऱ्याकडे असे. अशा काही गावांचा मिळून एक संघ बने व त्याचा प्रमुख ‘मानकी’ म्हणून ओळखला जाई.

गाव वसविताना मूळ सालवनाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवीत. तो ‘सरना’, म्हणजे ग्रामदेवतांचे स्थान. नृत्यासाठी व सभेसाठी ‘अखडा’ असे, आणि मृतांसाठी ‘ससन’. सरना आणि ससन ही दोन स्थळे असल्यावाचून वस्तीला गाव म्हणून पूर्णता येत नसे. सरना हा जंगल होते याचा पुरावा, तर ससन हा ते जंगल कोणी तोडले याचा पुरावा, असे म्हटले तर ते यथार्थ होईल.

मृत्यूनंतरचा विधी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. परंपरेनुसार शवाचे दहन करून अस्थी वेचल्या जात व मडक्यात जपून ठेविल्या जात. भाताची कापणी संपल्यावर ‘जंगतोपा’चा दिवस ठरे. ‘जंग’ म्हणजे अस्थी आणि ‘तोपा’ म्हणजे पुरणे. त्या दिवशी कुटुंबाची शिळा हलवून तिच्याखाली अस्थी ठेवीत आणि शिळा पुन्हा पूर्ववत बसवीत. नवी शिळा लागली तर ती डोंगरातून ओढून आणण्यास पुष्कळ माणसांचे बळ लागे व त्यानिमित्त गावजेवण होई. शिळा हे अशा रीतीने कुटुंबाचे असले तरी सर्व गावाच्या श्रमाने व साक्षीने उभे राहिलेले स्मारक होते.

यातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गावच्या ससनात स्थान मिळे ते केवळ खुंटकट्टीदार कुळातील मृतांना. सोयरिकीने किंवा चरितार्थासाठी गावात येऊन राहिलेल्या परकुळातील लोकांच्या अस्थी त्यांच्या मूळ गावच्या ससनात न्याव्या लागत. उलट, गावचा माणूस दूर कोठे वारला तर त्याच्या अस्थी परत आणीत. विवाहित स्त्रीच्या अस्थींना पतीच्या कुळाच्या शिळेखाली स्थान मिळे. या नियमामुळे शिळा एक निश्चित विधान करू लागते : ‘ज्या कुळाच्या अस्थी येथे आहेत, त्याच कुळाने हे गाव वसविले.’ अक्षर नसलेल्या या दगडाला दस्तऐवजाचे सामर्थ्य येते ते या नियमामुळे.

३

युरोपीय निरीक्षकांचे लक्ष या शिळांकडे गेले ते प्रथम पुरातन अवशेष म्हणून. छोटा नागपूरचे आयुक्त एडवर्ड डाल्टन यांनी बंगालमधील जमातींचे वर्णन करणारा आपला ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी चोकाहातू येथील दफनस्थानाची माहिती दिली. चोकाहातू या नावाचा अर्थ ‘शोकाचे गाव’ असा सांगितला जातो. सुमारे सात एकरांच्या त्या जागेत डाल्टन यांनी ७,३६० शिळांची गणती नोंदविली आहे. हे स्थान आजही वापरात आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इतरत्र ज्याला आपण महापाषाणीय संस्कृतीचा अवशेष म्हणतो, ते येथे चालू समाजाचे स्मशान आहे.

शिळांचा भूमिहक्काशी असलेला संबंध सर्वांत स्पष्टपणे मांडला तो रांचीचे वकील व मानववंशशास्त्रज्ञ शरच्चंद्र रॉय यांनी. मुंडांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१२ मध्ये निघाला. रॉय यांचा मुंडांशी संबंध न्यायालयातून आला होता. ज्यांच्याजवळ एक कागद नाही असे अशील आपल्या पूर्वजांच्या दगडांकडे बोट दाखवून जमीन आपली आहे असे सांगतात, हा त्यांच्या नित्याच्या व्यवसायातील अनुभव होता. ससनदिरी हाच मुंडांचा पट्टा, ही समजूत त्यांच्या ग्रंथामुळे विद्वानांत रूढ झाली. जेझुइट धर्मोपदेशक योहान हॉफमन यांनीही मुंडारी भाषा आणि भूमिव्यवस्था यांचा दीर्घ अभ्यास करून हाच संबंध अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून दिला.

४

कागद आणि दगड यांचा संघर्ष याहून जुना आहे. छोटा नागपूरच्या राजाने आपल्या आप्तांना व आश्रितांना गावे जहागीर म्हणून दिली आणि त्यांनी ती बाहेरून आलेल्या ठेकेदारांच्या हवाली केली. या परक्यांना मुंडा ‘दिकू’ म्हणत. कंपनी सरकारच्या न्यायालयांना लेखी सनद, पट्टा व पावती समजत असे. जमीनदाराजवळ ही सर्व साधने होती, खुंटकट्टीदाराजवळ नव्हती. राजाला दिला जाणारा मानाचा नजराणा कागदावर खंड ठरला आणि गावचा धनी कूळ ठरला. सोनपूर परगण्यातील गावे परक्या ठेकेदारांना दिली गेल्यावर १८३१-३२ चा मोठा उठाव झाला, त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

उठावानंतर प्रशासनाची पद्धत बदलली, परंतु पुराव्याची पद्धत बदलली नाही. १८६९ च्या कायद्याने ‘भुईंहरी’ जमिनींची चौकशी सुरू झाली व ती १८८० पर्यंत चालली. या चौकशीत आदिवासींच्या काही जुन्या हक्कांची नोंद झाली खरी. परंतु अखंड गावावरील खुंटकट्टी हक्क तिच्या कक्षेबाहेर राहिला. शेताची नोंद झाली. गावाची झाली नाही. यानंतर मुंडा सरदारांनी अर्ज-विनंत्यांचा जो दीर्घ लढा चालविला, तो ‘सरदारी लढाई’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळासंबंधी मुंडांत एक हकीकत परंपरेने सांगितली जाते. कलकत्त्याच्या सरकारने पुरावा मागितला तेव्हा मुंडा आपल्या दफनशिळा वाहून तेथपर्यंत घेऊन गेले आणि साहेबांपुढे ठेविल्या. साहेबांनी त्या पुरावा म्हणून मानल्या नाहीत. स्मृतीने जपलेल्या या हकीकतीचे ऐतिहासिक मोल तिच्या तपशिलापेक्षा तिच्या आशयात आहे. आपला दस्तऐवज कोणता आणि तो वाचण्यास कोण असमर्थ ठरला, याविषयी मुंडांचा निर्णय तीत सामावलेला आहे.

बिरसा मुंडा यांच्या चळवळीतही पूर्वजांच्या स्थळांना मध्यवर्ती स्थान होते. १८९५ च्या पहिल्या अटकेनंतर सुटून आल्यावर, १८९८ मध्ये बिरसा व त्यांचे अनुयायी चुटिया, जगन्नाथपूर आणि डोईसा येथील नवरतन या ठिकाणी गेले. ही स्थळे आपल्या पूर्वजांची असून ती आपणांपासून हिरावली गेली, अशी त्यांची भावना होती. तेथून माती व तुळस यांसारख्या खुणा आणणे म्हणजे हक्क पुन्हा जागा करणे होते. १८९९ च्या डिसेंबरात ‘उलगुलान’ पेटला. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकब टेकडीवर गोळीबार झाला. आणि ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात मृत्यू पावले.

उठाव मोडला, तरी त्याने सरकारला पुराव्याविषयीची आपली भूमिका बदलावयास लावले. १९०२ पासून सुरू झालेल्या मोजणीत खुंटकट्टी गावे शोधून नोंदण्याचे काम झाले. १९०३ मध्ये या हक्काला कायद्यात जागा मिळाली आणि १९०८ च्या छोटा नागपूर कूळ कायद्याने त्याचे हस्तांतर निर्बंधित केले. गावाचे संस्थापक कोण हे ठरविताना ससनातील शिळा हा एक ग्राह्य पुरावा ठरला. परंतु तोपर्यंत फार उशीर झालेला होता. पूर्वी मुंडांनी वसविलेल्या असंख्य गावांपैकी अखंड खुंटकट्टी म्हणून नोंदली गेली ती केवळ दीडशेच्या घरात.

५

स्वातंत्र्यानंतर संकटाचे स्वरूप पालटले. जमीनदारी गेली; पण सार्वजनिक प्रयोजनासाठी भूमी संपादन करण्याचा शासनाचा अधिकार १८९४ च्या कायद्यान्वये कायम राहिला. १९०८ च्या कायद्याने जमीन दिकूला विकण्यास आळा घातला होता. शासनाने ती घेण्यास घातला नव्हता. छोटा नागपूर हा खनिजांचा आणि उतारावरून वाहणाऱ्या नद्यांचा प्रदेश असल्यामुळे औद्योगिक योजनांची दृष्टी त्याकडे वळणे स्वाभाविक होते.

कोयल-कारो जलविद्युत योजना हे या पर्वातील सर्वांत बोलके उदाहरण होय. दक्षिण कोयल नदीवर बसिया येथे व उत्तर कारो नदीवर लोहाजिमी येथे धरणे बांधून ७१० मेगावॉट वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. पहिली पाहणी १९५० नंतरच्या दशकात झाली. १९७० नंतरच्या दशकात कामाची चिन्हे दिसू लागताच गावकऱ्यांनी कोयल-कारो जनसंघटन उभारले. १९८० मध्ये योजना राष्ट्रीय जलविद्युत निगमाकडे सोपविण्यात आली. किती गावे बुडणार यासंबंधी शासनाचे आकडे आणि संघटनेचे आकडे यांत मोठी तफावत होती. ही तफावत केवळ गणिताची नव्हती. शासन घरे व शेते मोजत होते. गावकरी त्यांबरोबर सरना आणि ससनही मोजत होते.

संघटनेचा युक्तिवाद येथे लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. योजनेस आरंभापासून सरसकट नकार द्यावा, अशी तिची भूमिका नव्हती. प्रथम दोन गावांचे आदर्श पुनर्वसन करून दाखवावे, मग पुढचे बोलू, असे तिने शासनाला सांगितले. वरवर पाहता ही मागणी सौम्य आहे. वस्तुतः तिच्यात योजनेची खरी कसोटी होती. पुनर्वसन पूर्ण व्हावयाचे तर गाव पूर्ण हलले पाहिजे; गाव पूर्ण हलावयाचे तर सरना व ससनही हलले पाहिजेत. परंतु सरना म्हणजे मूळ जंगलाचा न तोडलेला भाग. तो नव्या जागी लावता येत नाही. ससन म्हणजे येथे प्रथम कोण आले याची साक्ष. ती दुसऱ्या ठिकाणी नेली की खोटी ठरते. शिळा वाहून नेता येईल, पण तिचे विधान वाहून नेता येणार नाही. दोन गावांची ही मागणी शासनाने कधीच पूर्ण केली नाही.

प्रकरण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै १९९५ रोजी तत्कालीन पंतप्रधान नरसिंह राव यांच्या हस्ते कोनशिला बसविण्याचे ठरले होते. गावागावांतून लोक जमले आणि समारंभ रद्द करावा लागला. पुढे देरांग येथे लोकांनी रस्त्यावर अडसर उभारून योजनेच्या वाहनांवर पहारा ठेवला. फेब्रुवारी २००१ च्या आरंभी पोलिसांनी हा अडसर काढला व एका गावकऱ्यास मारहाण केली. २ फेब्रुवारी रोजी तिचा निषेध करण्यासाठी तपकरा येथील चौकीसमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला व त्यात आठ जण ठार झाले. झारखंड राज्य स्थापन होऊन तेव्हा तीन महिनेही पुरते झाले नव्हते. २००३ मध्ये राज्य शासनाने योजना बंद करण्याची घोषणा केली. ती गावे आज पाण्याबाहेर आहेत आणि दरवर्षी २ फेब्रुवारीस तपकरा येथे मृतांचे स्मरण केले जाते.

६

संरक्षणाचे कायदे असताना गावकऱ्यांना ही किंमत का मोजावी लागली? याचे उत्तर प्रचलित कायद्यांच्या रचनेत शोधावे लागते. दफनस्थानाचा विचार तीन निरनिराळ्या कायद्यांत होतो आणि प्रत्येक कायदा त्याचा एकेक अंश पाहतो.

पहिला भूसंपादनाचा. १८९४ च्या कायद्यानुसार भरपाई ठरे ती प्रामुख्याने जमिनीचा बाजारभाव, त्यावरील झाडे व पिके यांवरून. ज्या जागेचा बाजार कधी भरला नाही, तिचा भाव कसा काढावयाचा? शिवाय ससन कोणा एकाच्या नावे नसते. सामूहिक जागा अनेक ठिकाणी नोंदीत ‘गैरमजरुआ’ म्हणजे जवळजवळ सरकारी ठरलेल्या असल्यामुळे त्या देण्यासाठी कोणाची संमतीही घ्यावी लागू नये, अशी स्थिती होते. २०१६ मध्ये झारखंड शासनाने उद्योगांसाठी अशा जमिनींची ‘लँड बँक’ तयार केली, तेव्हा तीत सरना आणि दफनस्थाने यांच्याही जागा गेल्याची तक्रार झाली, ती याच कारणाने.

दुसरा कायदा प्राचीन स्मारकांचा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्मारकाची जी व्याख्या आहे, तीत दफनस्थान आणि एकाश्म यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अट एवढीच की ते किमान शंभर वर्षांचे व ऐतिहासिक वा पुरातत्त्वीय महत्त्वाचे असावे. मग ससनदिरींना हे कवच का नको? कारण हे कवच अवशेषांसाठी आहे. संरक्षित क्षेत्रात नवे बांधकाम व खोदकाम निषिद्ध असते. ज्या ससनात दरवर्षी शिळा हलवून नव्या अस्थी ठेवावयाच्या, नवी शिळा आणून बसवावयाची, तेथे हा निषेध लागू केला तर स्मारक वाचेल, पण विधी मरेल. जिवंत दफनस्थानाला जुने ठरण्यासाठी आधी मृत व्हावे लागते, असा या व्यवस्थेचा विपरीत परिणाम आहे.

तिसरा आधार धर्मस्वातंत्र्याचा. राज्यघटनेने श्रद्धेला संरक्षण दिले आहे. परंतु श्रद्धा म्हणून मांडलेली गोष्ट शासनाच्या व्यवहारात भावना म्हणून मोजली जाते आणि भावनेची समजूत घालता येते असे मानले जाते. नवे मंदिर, नवे स्मशान, एखादा शांतिविधी यांनी ती भागेल, असे गृहीत धरले जाते. जमीन, अवशेष आणि भावना असे तीन भाग पडल्यावर प्रत्येक भागाची स्वतंत्रपणे विल्हेवाट लावता येते. मुंडांचा आग्रह मात्र असा की हे भाग मुळात भाग नव्हेतच.

७

या आग्रहाचे समर्थन करताना अभ्यासकाने त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ससनदिरी ज्याप्रमाणे हक्काची ग्वाही देते, त्याप्रमाणे हक्क नाकारतेही. गावात अनेक पिढ्या राहिलेले परकुळातील मुंडा, लोहार, विणकर इत्यादी कारागीर, तसेच ‘सदान’ म्हणून ओळखले जाणारे बिगर-आदिवासी रहिवासी यांची साक्ष देणारी शिळा त्या ससनात नाही. धरणाचे पाणी मात्र सर्वांच्या घरात शिरणार होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंडांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. ख्रिस्ती मुंडा आपल्या मृतांना क्रूसाखाली पुरू लागले. त्यांच्या पूर्वजांच्या अस्थी जुन्या शिळांखाली आणि आईबापांच्या थडग्यांत, अशा दोन ठिकाणी विभागल्या गेल्या. कोयल-कारोच्या लढ्यात ख्रिस्ती, सरनाधर्मी आणि सदान एकत्र आले, ही म्हणूनच त्या लढ्याची मोठी कमाई मानली पाहिजे. केवळ कुळाच्या दगडावर उभे राहून हे ऐक्य साधले नसते; दगडाने जी भूमी दाखविली तिच्यावर राहणाऱ्या सर्वांचा प्रश्न म्हणून ते साधले.

स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट आहे. १९०८ च्या कायद्याने खुंटकट्टीदाराची व्याख्या पुरुषवंशाच्या आधारे केली आणि शिळेचा नियम कायद्यात स्थिर केला. हो जमातीच्या स्त्रियांनी या तरतुदींविरुद्ध दिलेले आव्हान १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाले. तरतुदी रद्द झाल्या नाहीत. मात्र मृताच्या आश्रित स्त्रियांना त्या जमिनीवर उपजीविका करण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. दफनस्थानाच्या रक्षणासाठी अडसरावर बसणाऱ्या स्त्रीचे नाव त्याच गावच्या जमिनीच्या नोंदीत येत नाही, ही विसंगती परंपरेचे गुणगान करून झाकता येणार नाही. ती दूर करण्याचे काम मुंडा समाजाचेच आहे. परंतु बाहेरच्या समर्थकाने तिच्याकडे डोळेझाक करू नये.

८

अलीकडच्या काळात कायद्याची दिशा काही अंशी बदललेली दिसते. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख व सामूहिक साधने यांचे रक्षण करण्यास समर्थ मानले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना मान्यता दिली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमतीची अट घातली. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या बाबतीत, तेथील डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय दिला. आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. हे प्रकरण दफनस्थानाचे नव्हे. परंतु स्थळाचे पावित्र्य काय आहे हे स्थळाजवळ राहणाऱ्यांनी सांगावे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले आणि ते ससनदिरींना तंतोतंत लागू पडते.

मुंडांनी या कायद्यांचा अर्थ आपल्या परिचित माध्यमातून लावला. २०१७-१८ मध्ये खुंटी परिसरातील अनेक गावांच्या सीमेवर मोठ्या शिळा उभ्या राहिल्या व त्यांवर घटनेतील आणि कायद्यांतील तरतुदी रंगविण्यात आल्या. ही ‘पत्थलगडी’ होय. शासनाने ती बंडखोरी मानून अनेकांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदविले. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. या शिळांवरील मजकुरातील सर्वच अन्वयार्थ विधिज्ञांना पटण्यासारखे नव्हते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने घटना अर्थपूर्ण आहे. ज्या समाजाचा अक्षररहित दगड कलकत्त्यास कोणी वाचला नाही, त्याने शतकाहून अधिक काळानंतर राज्याचीच अक्षरे दगडावर लिहून राज्यापुढे ठेविली.

शेवटी आपल्या अभ्यासक्षेत्राविषयी दोन शब्द. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना महापाषाणीय दफने परकी नाहीत. नागपूरजवळील जुनापाणीची शिलावर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक यांनी उकरली. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी शास्त्रशुद्ध उत्खनने केली आणि विदर्भाच्या लोहयुगाचे ज्ञान त्यांतून झाले. ती दफने कोणाची, हे सांगणारा समाज तेथे उरला नव्हता. म्हणून उत्खनकाला कोणाची अनुमती मागावी लागली नाही. ही सवय आपण जिवंत दफनस्थानांपाशी घेऊन जाता कामा नये. गडचिरोलीतील माडिया गोंड आजही मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतात आणि तोही खनिजांचा प्रदेश आहे. अशा ठिकाणी अभ्यासकाचे पहिले काम उत्खननाचे नसून नोंदीचे आहे. आणि तीही ग्रामसभेच्या संमतीने, गावाच्या भाषेत, गावाच्या ताब्यात राहील अशी. कोणती शिळा कोणत्या कुटुंबाची, ती केव्हा व कोठून आणली, जंगतोपा शेवटी कधी झाला, सीमा कोठपर्यंत मानली जाते, इतकी माहिती क्षेत्रनकाशासह लिहून गावाच्या हाती असेल तर उद्याच्या सुनावणीत ती उपयोगी पडेल. काय नोंदू नये हेही गावानेच ठरवावे.

इतिहासाचा विद्यार्थी कागदाला साधन मानतो, दगडाला अवशेष मानतो आणि स्मृतीला दंतकथा मानतो. छोटा नागपूरच्या न्यायालयांनीही हेच केले होते आणि त्याचे मोल मुंडांनी जमिनीने व प्राणांनी दिले. पुराव्याची व्याख्या ही केवळ पद्धतीची बाब नसते; तिच्यावर माणसांची घरे, शेते आणि त्यांच्या मृतांची विश्रांती अवलंबून असते, एवढी जाणीव या अभ्यासातून आपल्याला झाली तरी पुष्कळ झाले.